खानदेशातील पडीक खाणी : भूमीचा पुनर्वापर आणि युवा उद्योजकता

प्रस्तावना

खाण म्हटले की कोळसा, लोह किंवा मँगनीज यांच्या खाणी डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्रात अशा खाणी प्रामुख्याने विदर्भात आहेत. त्यामुळे 'खाणीनंतरच्या जमिनीचे काय करावयाचे' हा प्रश्न जळगाव व धुळे जिल्ह्यांचा नाही, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. रस्ते, रेल्वेमार्ग, धरणे, घरे आणि औद्योगिक वसाहती यांसाठी लागणारा काळा दगड, खडी, मुरूम, वाळू व विटांची माती ही सर्व गौण खनिजे होत, आणि ती खानदेशात दीर्घकाळ काढली जात आहेत. १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली तेव्हापासून रुळांखालील खडीसाठी आणि अलीकडे महामार्गांच्या चौपदरीकरणासाठी येथील टेकड्या फोडल्या गेल्या. दगड संपला किंवा परवान्याची मुदत संपली की खाण बंद होते. खड्डा मात्र तसाच राहतो.

मोठी खाण नकाशावर दिसते, तिची चर्चा होते. दगडखाण लहान असते व विखुरलेली असते. एखाद्या तालुक्यात अशा अनेक खाणी असल्या तरी प्रत्येक खाण एकेका गावाचा किरकोळ प्रश्न मानली जाते. परिणामी या जमिनी शेतीच्या हिशेबात नसतात, जलसंधारणाच्या हिशेबात नसतात आणि रोजगाराच्या हिशेबातही नसतात. त्यांची नोंद बहुधा एखादे मूल किंवा तरुण साठलेल्या पाण्यात बुडाल्याच्या बातमीपुरतीच होते.

दुसरीकडे, याच दोन जिल्ह्यांतील पदवीधर तरुण नोकरीसाठी नाशिक, पुणे, सुरत या शहरांकडे वळत आहेत. पडीक खाण आणि बेरोजगार तरुण या दोन गोष्टींची सांगड घालता येईल काय, घालता येत असेल तर कोणत्या खाणीत कोणता उद्योग उभा राहू शकेल आणि त्यासाठी कोणत्या अटींची पूर्तता आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खानदेशातील खाणजमिनीचे प्रकार

या दोन्ही जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. धुळे–नंदुरबार परिसरात या थरांना छेदणाऱ्या उभ्या खडकभिंती, म्हणजे डाइक, मोठ्या संख्येने आढळतात. तापीच्या खोऱ्यात मात्र या खडकावर गाळाचा जाड थर आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत दगडगोट्यांचा 'बझाडा' पट्टा आहे. या भूरचनेमुळे खाणजमिनीचे चार प्रकार पडतात.

१) काळ्या दगडाच्या खाणी : या खोल असतात व त्यांचे कडे उभे असतात. तळाशी घट्ट बेसाल्ट असल्यास पावसाचे पाणी साठून राहते. माती जवळजवळ नसते.

२) मुरमाच्या खाणी : झिजलेल्या खडकाचा वरचा थर काढल्याने तयार होणारे हे उथळ व पसरट खड्डे होत. रस्त्यांच्या भरावासाठी ते सर्वत्र खोदले जातात. पाणी येथे फार काळ टिकत नाही.

३) वीटभट्ट्यांच्या माती-खाणी : नदीकाठच्या किंवा शेतीच्या सुपीक जमिनीतून तीन-चार फूट माती उचलल्याने तयार झालेले सखल पट्टे. येथे थोडीफार माती शिल्लक असते.

४) नदीपात्रातील वाळूचे खड्डे : तापी, गिरणा, पांझरा इत्यादी नद्यांच्या पात्रांत हे आढळतात.

यांपैकी चौथा प्रकार उद्योगाच्या विचारातून पूर्णपणे वगळणे इष्ट होय. नदीपात्र ही पडीक जमीन नव्हे. वाळू पाणी धरून ठेवते व भूगर्भात मुरविते. तिची झीज नदीनेच भरून काढावयाची असते. पात्रातील खड्ड्यांवर कोणताही 'उपयोग' लादणे म्हणजे मूळच्या हानीत भर घालणे होय. उरलेल्या तीन प्रकारांचा विचार मात्र स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण एका प्रकारास लागू पडणारा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

पाण्याचा हिशेब

पडीक दगडखाण पाहिल्यावर सर्वांत प्रथम सुचणारी कल्पना म्हणजे जलसाठा. ती योग्यही आहे; परंतु ती हिशेबावर घासून पाहणे आवश्यक आहे.

उदाहरणादाखल एक हेक्टर क्षेत्राची व सहा मीटर खोलीची खाण घेऊ. तिची साठवणक्षमता ६०,००० घनमीटर, म्हणजे सहा कोटी लिटर होते. वार्षिक पाऊस ६०० मि.मी. धरला तर खाणीच्या स्वतःच्या क्षेत्रावर पडणारे पाणी केवळ ६,००० घनमीटर भरते. खानदेशातील उन्हाळा तीव्र आहे. उघड्या पाण्याचे वार्षिक बाष्पीभवन दीड मीटर इतके धरले तरी १५,००० घनमीटर पाणी हवेत जाते. म्हणजे केवळ अंगावरच्या पावसावर अवलंबून असलेली खाण दरवर्षी ९,००० घनमीटर तुटीत राहते. ही तूट भरून काढण्यासाठी आजूबाजूचा पाणलोट लागतो. पडलेल्या पावसापैकी एकपंचमांश पाणी वाहून येते असे मानल्यास प्रत्येक हेक्टरमागे १,२०० घनमीटर पाणी मिळते आणि तूट भरण्यासाठी साडेसात हेक्टर पाणलोट आवश्यक ठरतो. सिंचनासाठी पाणी उचलावयाचे असल्यास याहून अधिक क्षेत्र लागेल.

या साध्या गणितातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, टेकडीच्या माथ्यावरील खाण आणि नाल्याकाठची खाण या दिसावयास सारख्या असल्या तरी उपयोगाच्या दृष्टीने भिन्न आहेत. पहिलीस पाणलोटच नसतो. दुसरा असा की, खोल व अरुंद खाण उथळ व पसरट खाणीपेक्षा सरस असते. तेवढेच साठ हजार घनमीटर पाणी अर्धा हेक्टर क्षेत्रात बारा मीटर खोलीवर साठविले तर बाष्पीभवन निम्म्यावर येते. मुरमाच्या उथळ खाणीत पाणी साठविण्याचे प्रयत्न का फसतात, याचे उत्तर येथेच मिळते.

पाणी टिकणे हे तळाच्या खडकावरही अवलंबून असते. घट्ट, अभंग बेसाल्ट पाणी धरतो. भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर ते मुरवितो. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ पासून झालेले जलसंधारणाचे काम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण करण्यात आले आणि त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. गाळाच्या प्रदेशात पाणी मुरू न देणारा पिवळ्या मातीचा थर भेदणे आणि बेसाल्टच्या प्रदेशात कठीण मुरूम काढणे, असा खडकानुसार वेगळा विचार त्यामागे होता. पुढे 'शिरपूर पॅटर्न' या नावाने हे काम राज्यभर चर्चिले गेले. भूस्तर न पाहता सरसकट खोलीकरण केल्यास जलधर उघडा पडतो व त्यातील पाणी निसटते, असा आक्षेपही भूजलाच्या अभ्यासकांनी नोंदविला. समर्थक व टीकाकार या दोहोंच्या म्हणण्यातील समान सूत्र असे की, खोदलेल्या जमिनीचे मूल्य तिच्या खालचा खडक ठरवितो.

उद्योजकतेच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. पाणी धरणारी खाण तिच्या चालकाला उत्पन्न देऊ शकते. पाणी मुरविणारी खाणही तितकीच मोलाची असते. परंतु तिचा लाभ भोवतालच्या विहिरींना होतो आणि तो लाभ विकता येत नाही. अशा खाणीवर तरुणांचा उद्योग उभा राहणार नाही; ती ग्रामपंचायतीने सार्वजनिक खर्चातून जोपासली पाहिजे. सर्वच पडीक खाणी स्वयंरोजगाराच्या योजनांना जोडण्याचा आग्रह धरणे म्हणूनच चुकीचे ठरते.

उपयोगाचे पर्याय

अ) मत्स्यपालन : किमान आठ-दहा महिने पाणी टिकणाऱ्या खोल खाणीत मत्स्यपालन शक्य असते. मात्र शेततळ्याची पद्धत येथे जशीच्या तशी चालत नाही. खाणीचा तळ खडबडीत असल्याने ओढजाळे फिरविता येत नाही. उभ्या कड्यांमुळे उथळ काठ नसतो आणि खोल थरात प्राणवायू कमी असतो. त्यामुळे कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली मोकळी सोडून देण्याऐवजी तरंगत्या पिंजऱ्यात मासे वाढविणे अधिक सोयीचे पडते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा एका पिंजऱ्याचा प्रकल्पखर्च ३ लाख रुपये धरण्यात आला. अनुदानाचे प्रमाण सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के व महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांसाठी ६० टक्के ठेवण्यात आले. म्हणजे एका पिंजऱ्यामागे लाभार्थ्यास अनुक्रमे १ लाख ८० हजार व १ लाख २० हजार रुपये उभे करावे लागतात. मासेमारीचे परंपरागत ज्ञान असलेल्या भोई व कोळी समाजातील तरुणांना यात सहभागी करून घेणे न्याय्य व व्यवहार्य दोन्ही आहे.

आ) संरक्षित सिंचन : कोरडवाहू पिकास ऐन वाढीच्या काळात पाण्याची एक पाळी मिळाली तरी उत्पादनात मोठा फरक पडतो. ५० मि.मी. ची एक पाळी देण्यास हेक्टरी ५०० घनमीटर पाणी लागते. खाणीतील १०,००० घनमीटर पाणी उपलब्ध असेल तर २० हेक्टरांस एक पाळी देता येते. सौरपंप, नळ व ठिबकसंच यांची देखभाल करून ठरलेल्या दराने पाणी पोहोचविणारा तरुणांचा गट हा एक सेवा-उद्योगच होय. ठिबक सिंचनाच्या उद्योगात जळगावचे नाव देशभर असल्याने तांत्रिक कौशल्य येथे दुर्मीळ नाही. मात्र मासे आणि सिंचन एकाच खाणीत घ्यावयाचे असल्यास किमान जलपातळी आधीच लेखी ठरवून घेणे अगत्याचे आहे. अन्यथा एप्रिल महिन्यात पंप आणि पिंजरा यांचे भांडण अटळ असते.

इ) गवत, वृक्ष व खत : माती-खाणी व मुरूम-खाणींसाठी हा पर्याय योग्य होय. येथे पहिली अडचण मातीची असते. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे तलावांतील गाळ शेतात नेण्याची पद्धत रुळली आहे. हाच गाळ खाणीच्या तळावर पसरता येतो. रावेर–यावल पट्ट्यात केळीची काढणी झाल्यावर खोडांचे प्रचंड अवशेष उरतात. त्यांपासून गांडूळखत तयार करण्यासाठी शेतीबाहेरची मोकळी जागा हवी असते आणि उथळ मुरूम-खाण ती पुरवू शकते. चाऱ्याच्या बाबतीत धुळे तालुक्यातील लामकानी गावाचा अनुभव बोलका आहे. पाणलोटविकास व चराईबंदी यांच्या जोरावर तेथील उजाड डोंगर पुन्हा गवताळ झाला. खाणीभोवतालच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर प्रथम गवत व नंतर झाडे, हाच क्रम फलदायी ठरतो.

ई) सौरऊर्जा व साठवणगृहे : सपाट तळ असलेल्या उथळ खाणीत पाणी साठण्याचा धोका नसल्यास सौरपटल उभारता येतात. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. या भागातील सूर्यप्रकाशाची उपयुक्तता त्यावरून सिद्ध झाली आहे. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळच्या खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरविण्यात आले. असे असले तरी केवळ भाडे मिळणे म्हणजे उद्योजकता नव्हे. पटलांची स्वच्छता, दुरुस्ती व देखभाल या सेवांत तरुणांचे काम आहे. महामार्गालगतच्या खाणींना रस्त्याची जवळीक ही आयती देणगी असते. केळी, कापूस व कडधान्ये यांच्या प्रतवारी व साठवणुकीसाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

उ) खाणकचऱ्यापासून उत्पादने : क्रशरभोवती दगडाची भुकटी साचलेली असते. नदीतील वाळूवरचा ताण कमी करण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूविषयक धोरण जाहीर केले. विटांच्या मातीस पर्याय म्हणून दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून विटा तयार करता येतात. यामुळे नव्या माती-खाणी उघडण्याची गरज कमी होते. जुन्या खाणीची दुरुस्ती करणारा उद्योग जितका महत्त्वाचा, तितकाच नवी खाण टाळणारा उद्योगही महत्त्वाचा मानला पाहिजे.

ऊ) भूवारसा व अभ्यासपर्यटन : बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणारी स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखी स्फटिकरूप खनिजे जगभरच्या संग्राहकांना परिचित असून जळगाव परिसर त्यांसाठी प्रसिद्ध आहे. सिन्नर येथील 'गारगोटी' हे खनिज संग्रहालय अशाच दगडांच्या सौंदर्यावर उभे आहे. कड्याचा उघडा छेद हा भूगोल व भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी वर्गाबाहेरचा फळा असतो. एखादी सुरक्षित केलेली खाण अभ्याससहलींसाठी विकसित करता येईल. मात्र स्फटिकांच्या शोधात जुने कडे फोडण्यास वाव देणे धोक्याचे व कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरेल.

अन्यत्रचे अनुभव

नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीने २०१६ मध्ये 'इको पार्क' सुरू केला व पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने खाण-पर्यटनास चालना दिली. छत्तीसगडमधील बिश्रामपूर परिसरात केनापारा येथील बंद कोळसाखाणीच्या जलाशयावर नौकाविहार व पिंजऱ्यातील मत्स्यपालन सुरू झाले आणि महिला बचतगटांना त्यात काम मिळाले. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे चिनीमातीच्या वापरून झालेल्या खाणीत २००१ मध्ये 'ईडन प्रोजेक्ट' हे वनस्पतिउद्यान खुले झाले. तेथे खाणीत माती नसल्याने खाणकचरा व कुजविलेले सेंद्रिय पदार्थ मिसळून ती तयार करावी लागली.

या उदाहरणांचे अनुकरण करताना एक फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. सावनेर व केनापारा येथे खाणीची जबाबदारी घेणारी मोठी सार्वजनिक कंपनी होती. ईडन प्रोजेक्टच्या मागे मोठा सार्वजनिक निधी होता. खानदेशातील दगडखाणीचा पूर्वीचा परवानाधारक बहुधा निघून गेलेला असतो. त्यामुळे येथे भव्य उद्यानापेक्षा लहान, स्थानिक व टप्प्याटप्प्याने वाढणारे उद्योगच टिकाव धरू शकतील.

हक्क, मुदत आणि भांडवल

शुम्पिटर या अर्थशास्त्रज्ञाने उद्योजकाचे कार्य साधनांची नवी जुळणी करणे हे मानले. पडीक खाण, साठलेले पाणी, स्थानिक कौशल्य व बाजारपेठ यांची जुळणी त्या व्याख्येत चपखल बसते. परंतु जुळणी करावयाची तर साधनावर हक्क असावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

मालकी जमिनीवरील खाणीत प्रश्न तुलनेने सोपा असतो. सातबारावरील मालकाशी भाडेकरार करता येतो. शासकीय जमिनीवरील खाण परवान्याची मुदत संपल्यावर महसूल विभागाकडेच राहते व तिचे वाटप १९७१ च्या शासकीय जमीन विल्हेवाट नियमांनुसार व्हावे लागते. गायरान जमिनीच्या बाबतीत निर्बंध अधिक कडक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सामाईक जमिनींवरील खासगी ताबा अमान्य केला आणि त्यानंतर राज्य शासनानेही त्या अनुषंगाने निर्णय घेतला. म्हणून गायरानातील खाण तरुणांच्या नावे करून मागणे योग्य होणार नाही. ग्रामपंचायतीने ती स्वतः विकसित करून चालविण्याचे काम गटाकडे सोपविणे हाच मार्ग उरतो. वनजमिनीस १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यान्वये गौण खनिजांबाबत ग्रामसभेच्या शिफारशीस महत्त्व आहे. खाणीनंतरच्या उपयोगातही ग्रामसभेचा शब्द प्रमाण मानला जाणे सुसंगत ठरते.

मुदतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (२००८) व राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (२०१९) यांतून बँककर्ज व अनुदान यांची सोय झाली. प्रधानमंत्री कार्यक्रमात कर्जाची परतफेड तीन ते सात वर्षांत अपेक्षित असते. अकरा महिन्यांच्या करारावर सात वर्षांचे कर्ज कोणतीही बँक देणार नाही आणि कोणताही शहाणा तरुण घेणारही नाही. फळझाडे फळावर येण्यास तीन-चार वर्षे लागतात. पहिले वर्ष तर कुंपण, उतार व पाण्याची वाट यांतच जाते. म्हणून किमान दहा वर्षांचा, नोंदणीकृत व मध्येच रद्द न होणारा करार ही या उद्योगांची पहिली गरज आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय दिलेले प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी निष्फळ ठरते.

खाण सुरक्षित करण्याचा खर्च कोणी करावयाचा, हाही प्रश्न न्यायाचा आहे. मोठ्या खनिजांच्या खाणींसाठी २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा बंधनकारक आहे. गौण खनिजांवर नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाच्या कलम १५ नुसार राज्यांना आहे आणि महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३ चे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात लहान गौण खनिज खाणींनाही पर्यावरणीय मंजुरीच्या कक्षेत आणले, तर जानेवारी २०२० मध्ये खाणकाम संपल्यावर जमीन पुन्हा गवताळ करण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्याचे निर्देश दिले. परंतु त्याआधी सोडून दिलेल्या खाणींचे उत्तरदायित्व कोणाकडेच राहिलेले नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी खाणबाधित क्षेत्राच्या हितासाठी आहे. कुंपण, कड्यांना पायऱ्या व पाणलोटाची जोड ही मूलभूत कामे त्या निधीतून होणे सयुक्तिक होय. ज्या नफ्यात तरुणांचा वाटा नव्हता, त्याची भरपाई त्यांच्या कर्जातून व्हावी, ही अपेक्षा अन्याय्य आहे.

धोके व मर्यादा

पुनर्वापराच्या नावाखाली चार प्रकारची हानी संभवते.

१) सुरक्षितता : सुरुंगांनी सैल झालेले कडे पावसाळ्यात ढासळतात. काठ सरळ खोल पाण्यात उतरत असल्याने पाय घसरलेल्या माणसास वर येता येत नाही. कुंपण, उताराची वाट, दोर व तरंगती साधने यांशिवाय कोणताही उद्योग सुरू होता कामा नये.

२) कचऱ्याचा भराव : शहरालगतच्या खाणीत नागरी कचरा टाकणे सोपे वाटते, परंतु भेगाळ बेसाल्टमधून त्याचा निचरा विहिरींपर्यंत पोहोचतो. औष्णिक राखेचा भरावही पाण्याच्या खाणीत टाळावा.

३) छुपे उत्खनन : 'शेततळे' किंवा 'खोलीकरण' या नावाने पुन्हा दगड व मुरूम काढण्याचा मोह होतो. करारात उत्खननास स्पष्ट मनाई हवी.

४) वंचितांचे विस्थापन : पडीक खाण खरोखर रिकामी असतेच असे नाही. दगडफोडीवर जगलेली वडार कुटुंबे तिच्याजवळ राहतात, मेंढपाळ तेथे जनावरांना पाणी पाजतात, स्त्रिया कपडे धुतात. उद्योगासाठी जागा बंद करताना या वापरांची सोय प्रथम झाली पाहिजे आणि दगडकाम करणाऱ्या कुटुंबांतील तरुणांना सहभागात अग्रक्रम मिळाला पाहिजे.

महाविद्यालयांचे कार्य

या सर्व विवेचनातून एक उणीव पुढे येते : कोणती खाण कोठे आहे, तिची मालकी कोणाची, पाणी किती महिने टिकते व तळाचा खडक कोणता, याची एकत्रित नोंद तालुका पातळीवर सहज हाती लागत नाही. 'महाखनिज' या शासकीय संकेतस्थळाचा भर चालू परवाने व वाहतूक यांवर आहे. बंद खाणींची नोंदवही तयार करणे हे काम महाविद्यालये उत्तम प्रकारे करू शकतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर आधारित अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग व कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. त्यांचा उपयोग करून पुढीलप्रमाणे कामाची विभागणी करता येईल. भूगोल विभागाने उपग्रहचित्रे व प्रत्यक्ष भेटी यांच्या आधारे खाणींचे नकाशे तयार करावेत. रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी पाण्याची परीक्षा करावी आणि ऑक्टोबर ते मे या काळात दरमहा जलपातळी मोजावी. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी प्रत्येक पर्यायाचा जमाखर्च मांडावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी धोक्याचे फलक, कुंपण व गवतलागवड यांत श्रमदान करावे. मात्र कड्यालगतच्या कामात विद्यार्थ्यांना उतरवू नये. जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांच्याशी समन्वय साधून एका तालुक्यात दोन-तीन खाणींवर प्रायोगिक काम सुरू करणे शक्य आहे.

एका वर्षाच्या जलपातळीच्या नोंदी हातात असलेला तरुण बँकेपुढे आणि ग्रामसभेपुढे वेगळ्या आत्मविश्वासाने उभा राहतो. प्रकल्प अहवालातील अंदाजापेक्षा आठ महिन्यांच्या प्रत्यक्ष मोजणीचे वजन अधिक असते. महाविद्यालय भांडवल देऊ शकत नाही. परंतु विश्वासार्ह माहिती देऊ शकते आणि या क्षेत्रात तिचीच टंचाई सर्वाधिक आहे.

समारोप

खानदेशातील पडीक खाणी विखुरलेल्या व लहान आहेत. म्हणून त्यांवरचे उपायही लहान व स्थानिकच असतील. प्रत्येक खाणीचा उपयोग तिचा खडक, पाणलोट, मालकी व रस्त्यापासूनचे अंतर यांवरून ठरवावा लागेल. काही खाणींत मासे वाढतील, काहींत गवत उगवेल, काही केवळ विहिरींना पाणी देतील आणि काही कुंपण घालून बंद ठेवणेच शहाणपणाचे ठरेल. तरुणांच्या उद्योजकतेस यात निश्चित स्थान आहे. मात्र ते प्रशिक्षण व कर्ज यांच्या आधी जमिनीवरील निश्चित मुदतीचा हक्क आणि सार्वजनिक खर्चाने झालेली सुरक्षितता यांवर अवलंबून आहे. हा क्रम उलटा केल्यास खाणीचा धोका तसाच राहील आणि त्यावर एका तरुणाच्या कर्जाची भर पडेल. क्रम योग्य राखल्यास गावाने टाकून दिलेला खड्डा गावाच्याच उपजीविकेचे साधन होऊ शकेल.